पाठमोऱ्या पावलांचा एल्विओ

आमच्या विया उर्किसा पेठेतील नाचाचा इतिहास जो तो आपल्या परीने सांगतो, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तीच चार-पाच नावे आदराने उच्चारली जातात. ती सारी पुढे चालणाऱ्यांची नावे आहेत. टँगोत पुरुष पुढे पाऊल टाकतो आणि स्त्री पाठमोरी मागे सरते; पाहणाऱ्याची दृष्टी स्वभावतःच पुढे येणाऱ्यावर खिळते. जिच्या सरण्यातून पुढच्याला वाट मिळते, तिचे नाव कोणी टिपून ठेवत नाही. एल्विओ पेद्रेत्ती हा असा मागे सरणारा होता, आणि विशेष असे की तो पुरुष होता.

व्यवसायाने तो लाकडी सामानाला पॉलिश करणारा. रेल्वे फाटकापासून दुसऱ्या गल्लीत त्याचे दुकान होते, आणि त्या दुकानात स्पिरिट व लाख यांचा मिश्र गंध बाराही महिने भरलेला असे. चपड्याने त्याच्या बोटांची अग्रे मधाच्या रंगाची झाली होती. तागाच्या जुन्या फडक्यात कापसाचा बोळा गुंडाळून तो फळीवर अखंड वर्तुळे काढीत राही. बोळा लाकडावर क्षणभर जरी थांबला तरी तेथे डाग पडतो, हे त्याच्या हाताला इतके ठाऊक होते की बोलता बोलता मान वळवून तो ग्राहकाकडे पाही, पण हात थांबत नसे. नाचाविषयी बोलताना मात्र तो याच्या उलट सांगे: पॉलिशात थांबलात की डाग पडतो, नाचात थांबला नाहीत तर पडतो.

सन एकेचाळीसमध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो अल्बोरादा क्लबच्या तालमीत प्रथम आला. ही तालीम पुरुषांची. क्लबच्या मागील बाजूस चेंडूफेकीच्या खेळासाठी पत्र्याची लांब शेड होती. मंगळवारी आणि गुरुवारी कामावरून सुटलेली मंडळी तेथे जमत आणि परस्परांना आलिंगनात घेऊन नाच घोटत. कोणाही मुलीची शनिवारची संध्याकाळ शिकाऊ पायांनी बिघडवायची नाही, हा त्या पिढीचा संकेत होता. म्हणून शिकायचे ते पुरुषाने पुरुषाबरोबर. त्यातही क्रम ठरलेला असे. नव्याने आलेल्याने प्रथम बाईची बाजू करायची. वर्षभर पाठमोरे चालून, दुसऱ्याच्या छातीतून निघणारी सूचना आपल्या अंगात कशी उतरते हे कळले, की मग वडीलधाऱ्यांपैकी कोणी म्हणे, ‘आता तू पुढे ये.’ त्या शब्दांवाचून कोणी शनिवारच्या नाचाला पाऊल टाकीत नसे.

एल्विओला ते शब्द कधीच मिळाले नाहीत.

कारण त्याचे उणेपण नव्हते, त्याचे गुणवैभव होते. तालमीचे प्रमुख तोर्क्वातो मेलेइरो, तेव्हा ऐन अठ्ठाविशीतले. ट्रामवर वाहक होते आणि चालण्यात त्यांना तोड नव्हती. त्यांच्या ध्यानात आले की या पोराला हाती धरले म्हणजे आपले स्वतःचे पाऊल आपल्याला दिसू लागते. भार अर्धवट टाकला, खांदा उगाच वळला, श्वास चुकला, की एल्विओच्या अंगात ते तत्काळ उमटे. आणि नीट टाकलेले पाऊल त्याच्याबरोबर टाकले की निर्मळ पाण्यात तळाचा दगड दिसावा तसे स्पष्ट दिसे. आज देशोदेशीचे लोक ज्याला उर्किसा शैली म्हणतात, तिला त्या वेळी नाव नव्हते. नुसते ‘नीट चालणे’ म्हणत. लांब, न उचललेले पाऊल. एका घोट्याने दुसऱ्या घोट्याला हलकेच स्पर्शून जाणे. ताठ पण न आखडलेली पाठ. आणि सुरावट संपता संपता असा विराम, की वाद्यवृंदच यांच्यासाठी थांबला आहे असे वाटावे. हे सारे त्या शेडमध्ये घडत गेले, आणि घडवणाऱ्या चार-पाच जणांच्या मिठीत आळीपाळीने एकच माणूस होता.

एक वर्ष सरले, दोन सरली, आठ सरली. त्याच्यानंतर आलेली मुले पुढे जाऊन लग्ने करून मोकळी झाली. एल्विओ तेथेच राहिला. मंडळी त्याला ‘नवरी’ म्हणत, आणि त्यात द्वेष नव्हता; आठवड्यातून दोनदा साऱ्यांशी लग्न लागणारी नवरी. तो शेडमध्ये शिरला की कोणी तरी विचारी, “काय नवरीबाई, आज कोणाच्या नशिबी?” आणि तो कोट खुंटीला अडकवत म्हणे, “जो पाय धुऊन आला असेल त्याच्या.” मात्र तोर्क्वातोंना त्याने पुढे येण्याविषयी दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून विषय बदलला. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही. आपल्यात पुढे चालण्याची पात्रता नसावी, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. विनयशील माणसे असे निष्कर्ष फार लवकर काढतात.

आयदे ही मोज्यांच्या कारखान्यात काम करणारी मुलगी. शनिवारच्या नाचाला ती आईबरोबर येई आणि स्त्रियांच्या ओळीत बसे. आमच्याकडे पुरुष एका भिंतीला, स्त्रिया समोरच्या भिंतीला, आणि मध्ये मोकळी फरशी. निमंत्रण शब्दाने द्यायचे नसते. पुरुष दुरून पाहतो, तिने दृष्टी भिडवली तर तो मान किंचित झुकवतो, तीही झुकवते, मग तो उठून तिच्यापर्यंत जातो. तिने नजर वळवली तर काही घडलेच नाही, कोणाचा अपमान नाही. सेहेचाळीस ते पन्नास या काळात आयदे क्वचितच बसून राहिली असेल. एल्विओ त्या क्लबात शनिवारी दुपारी, नाच सुरू होण्याआधी, उपाहारगृहाच्या लाकडी काउंटरला पॉलिश करायला येई. एके दिवशी आयदे तिथे हातमोजा शोधायला आली, आणि ओल्या पॉलिशवर तिने कोपर टेकले. बाहीचा ठसा उमटला. एल्विओने तो ठसा पुसला नाही, एवढेच तेव्हाच्या लोकांना दिसले. पुढच्या वर्षी त्यांचा विवाह झाला.

इथून पुढे जे घडले ते आमच्याच लोकांच्या हातून घडू शकते. नवविवाहित जोडपे दर शनिवारी क्लबात येई आणि रीतीप्रमाणे एकाच टेबलाशी शेजारी शेजारी बसे. आमच्याकडे पुरुषाशेजारी बसलेल्या स्त्रीकडे कोणी निमंत्रणाच्या नजरेने पाहत नाही. ती त्याच्याबरोबर आली आहे, नाचेल तर त्याच्याबरोबरच. ज्या जोडप्यांना इतरांशीही नाचायचे असते ती मुद्दाम वेगळी बसतात. एल्विओला पुढे येण्याची अनुज्ञा नव्हती, म्हणून तो नाचत नसे. आयदे एल्विओशेजारी होती, म्हणून तिला कोणी विचारत नसे. त्याला वाटे, शिकाऊ पायांनी हिला फरशीवर नेणे म्हणजे हिचा उपमर्द. तिला वाटे, आपण उठून बायकांच्या ओळीत बसलो तर साऱ्या पेठेत हा हास्यास्पद होईल. दोघेही परस्परांचा मान राखत होते. मान राखता राखता तिचा नाच संपला, आणि तो संपल्याचे दोघांपैकी कोणी उच्चारले नाही. दोघे कॉफीचा एकेक पेला समोर ठेवून वाद्यवृंद ऐकत आणि साडेअकराला घरी जात.

पुढे नाचालाच उतरती कळा लागली. पंचावन्ननंतर सरकारे बदलत गेली, जमावबंदीचे हुकूम निघाले, तरुणांचे कान वेगळ्याच संगीताकडे वळले. अल्बोरादाच्या फरशीवर बास्केटबॉलच्या रेघा आखल्या गेल्या. शेडमधली तालीम आधी मंगळवारची बंद पडली, मग गुरुवारची. चार-पाच जुने नाचणारे मात्र कुठे ना कुठे, कोणाच्या अंगणात, कोणाच्या गॅरेजमध्ये, चालत राहिले. सत्तरीच्या दशकातली काळी वर्षे आम्ही कशी काढली ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. दारे लावून घेण्याची सवय लागली होती, एवढे पुरे.

लोकशाही परतली आणि दारे उघडली. त्याच सुमारास युरोपातील रंगमंचांवर आमच्या नाचाचा गाजावाजा झाला, आणि आमच्याच मुलांना आपल्या आजोबांच्या पायांविषयी कुतूहल वाटू लागले. सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये हिमेना नावाची चोवीस वर्षांची मुलगी क्लबच्या ग्रंथालयात आली. ग्रंथालयाचे काम तेव्हा माझ्याकडे होते. ती बॅले शिकलेली होती, एका मंडळीबरोबर परदेशात टँगो नाचून आली होती, आणि त्या नाचाला विटली होती. लाथा झाडणे फार आणि चालणे कमी, असे तिचे म्हणणे. उर्किसाच्या बायका कशा चालत, हे तिला हवे होते. मी तिला तोर्क्वातोंकडे नेले.

तोर्क्वातो तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी पुरुषाचे सारे दाखवले, आणि बाई काय करते असे विचारताच गोंधळले. म्हणाले, बाई येते बरोबर. हिमेनाने पेठेतील दोन-तीन वृद्ध बायकांना गाठले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, अगं, आम्ही काय करायचो, चालायचो. तीन आठवडे असे गेल्यावर तोर्क्वातोंनी निःश्वास टाकून सांगितले, “नवरीला बोलवा.”

एल्विओ दुकानातून तसाच आला, अंगात कामाचा डागाळलेला झगा. तोर्क्वातोंनी हात पसरले. बत्तीस वर्षांनी ते दोघे पुन्हा मिठीत, क्लबच्या फरशीवर उभे राहिले, आणि तबकडी लागल्यावर एक संपूर्ण प्रदक्षिणा चालले. बास्केटबॉलच्या रेघांवरून एल्विओची पावले अशी मागे सरकत होती, की त्या रेघा मोडू नयेत अशी त्यांना काळजी असावी. हिमेना फरशीवर मांडी घालून बसली, नजर त्याच्या घोट्यांच्या पातळीवर यावी म्हणून. प्रदक्षिणा संपल्यावर ती म्हणाली, “मास्तर, परत.” त्या दुपारी ते सात वेळा परत झाले.

तेव्हापासून रविवारी दुपारी तीन वाजता वर्ग भरू लागला. एल्विओ पाठमोरा चाले आणि त्याच्यामागे आठ-दहा मुली ओळीने पाठमोऱ्या चालत. मुलगे आले, तर तो त्यांच्या मिठीत शिरे, चार पावले जाऊ देई, मग थांबून एकच प्रश्न विचारी: “मी कुठल्या पायावर उभा आहे?” ज्याला सांगता येत नसे त्याला पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात. तो रागावत नसे. एक उंच मुलगा त्याला रेटत नेत होता, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “बाळा, मी कपाटं हलवून पोट भरतो. त्यांना ढकलायचं नसतं, हेही मला कळतं.” वर्षाअखेर नव्हे, दोनच महिन्यांत शहराच्या इतर भागांतून लोक येऊ लागले. वर्गानंतर पाच ते नऊ अशी नाचाची बैठकही क्लबाने पुन्हा सुरू केली, आणि तोर्क्वातोंच्या आग्रहाने सारे जुने संकेत पाळायचे ठरले: समोरासमोरच्या भिंती, नजरेचे निमंत्रण, चार-चार गाण्यांचा एकेक फेर.

आयदे वर्गाला येई आणि कडेला बसून विणत राही. बैठक सुरू झाली की एल्विओ झगा उतरवून कोट घाली, आणि दोघे पूर्वीप्रमाणेच एका टेबलाशी बसत. एकोणसाठ वर्षांची झाली होती ती. पाठ मात्र तशीच.

जूनमधल्या एका रविवारी एल्विओ मुलांना संकेत समजावत होता. जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा; बाहेर कडक थंडी होती आणि मुले अंग आकसून उभी होती. जोडीने बसलेल्या बाईकडे पाहायचे नाही, हे त्याने सांगितले, आणि का ते सांगितले. उंच मुलाने विचारले, की तिच्या शेजारचा माणूस नाचतच नसेल, तर ती बाई काय करते?

आयदे सुईवरून दृष्टी न उचलता म्हणाली, “कॉफी पिते.”

कोणी तरी हसले. मग तिने टाके मोजले, आणि पुढे जोडले, “मी सदतीस वर्षं पितेय.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य परत घेता येण्यासारखे नव्हते. एल्विओने वर्ग पुढे चालू ठेवला. पण हिमेनाने मला नंतर सांगितले, की त्या दिवशी प्रथमच मास्तरांचा घोटा घोट्याला लागला नाही. त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या शरीरातील सूक्ष्मतम हालचाल वाचली होती, आणि स्वतःच्या कोपराशी बसलेल्या बाईचे थांबणे त्याला वाचता आले नव्हते.

सोमवारी दुपारी तो तोर्क्वातोंच्या घरी गेला. मीही तेथे होतो. आम्ही माते, म्हणजे आमच्याकडचा नळीने ओढून प्यायचा कडवट पाल्याचा चहा, पीत बसलो होतो. एल्विओने टोपी हातात धरून, सतरा वर्षांच्या पोराने विचारावे तसे विचारले, “तोर्क्वातो, मी पुढे येऊ का?”

तोर्क्वातोंनी आधी थट्टाच केली. “नवरीबाई, आता? सासर सोडायचं वय आहे का हे?”

“आयदेला नाचायचं आहे.”

“मग नाचव की. मला काय विचारतोस?”

“तुम्ही म्हणाला नाहीत अजून,” एल्विओ म्हणाला.

तोर्क्वातो मातेच्या भांड्यातील नळीशी चाळा करीत राहिले. शेवटी त्यांनी जे सांगितले ते मी शब्दशः देतो, कारण असे बोलायला त्या माणसाला किती कष्ट पडले हे मी पाहिले आहे. “तू दुसऱ्याच वर्षी तयार होतास. मी बोललो नाही. तुला सोडला असता तर माझं चालणं मोडलं असतं, म्हणून नाही बोललो. लोकांनी मला उस्ताद म्हटलं, ते तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणवून घेतलं मी.” आणि थोड्या वेळाने, “ये पुढे. उशीर झाला, माझ्यामुळे झाला.”

एल्विओने मान हलवली. रागावण्याची ती वेळ होती. त्याने रागवायचे टाळले की त्याला ते सुचलेच नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याने एवढेच विचारले, की शिकायचे कोणाबरोबर.

“माझ्याबरोबर,” तोर्क्वातो म्हणाले, आणि उठून टेबल भिंतीशी सरकवले.

त्या आठवड्यात रोज दुपारी दोन तास चौऱ्याहत्तर वर्षांचे तोर्क्वातो मेलेइरो पाठमोरे चालले. सुमारे पन्नास वर्षांत ते मागे चालले नव्हते. बाई म्हणून ते असह्य होते. पाऊल दाखवण्याआधीच टाकत, वळणावर स्वतःच वळत, आणि वर गाऱ्हाणी करीत: “अरे सांग तरी कुठे जायचंय! पत्र पाठवणार आहेस का?” एल्विओ त्यांना म्हणे, “तुम्ही जरा ऐकाल तर सांगीन.” बुधवारी त्याला साधे सरळ चालणे जमले, गुरुवारी एक वळण. शुक्रवारी त्याने एक विराम घेतला आणि तोर्क्वातो त्यात खरोखरच थांबले. आणि खाली बसून म्हणाले, की आता पुरे, याहून जास्त मला येत नाही आणि तुला लागणारही नाही.

आयदेला यातले काही त्याने सांगितले नव्हते. रविवारी टेबलाशी बसल्यावर, दुसरा फेर लागला की तिच्याकडे वळून हात पुढे करायचा, असे त्याने योजले होते.

पण तिचीही काही योजना होती. बैठकीच्या दाराशी जागा दाखवायला बेबा नावाची बाई असे. आयदेने कोट उतरवून तिच्या हाती दिला आणि सांगितले, की मला आज बायकांच्या ओळीत खुर्ची दे. बेबाने एल्विओकडे पाहिले. आयदे म्हणाली, “त्याच्याकडे काय पाहतेस? खुर्ची मला हवी आहे.” आणि ती चालत जाऊन भिंतीलगत, हिमेनाच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून बसली. एल्विओ दाराशी क्षणभर तसाच उभा राहिला. मग तो समोरच्या भिंतीकडे गेला आणि आयुष्यात प्रथमच पुरुषांच्या ओळीत बसला.

पहिला फेर लागला. आयदेकडे कोणी पाहिले नाही. पेठेतील वृद्धांना वाटले, नवरा-बायकोचे बिनसले आहे; अशा वेळी मध्ये पडू नये. ती सरळ समोर पाहत बसून राहिली. चार गाणी ही फार दीर्घ असतात. दुसऱ्या फेराच्या आरंभी तोर्क्वातोंनी ओळीतून मान वळवली, तिच्याकडे पाहिले, आणि हनुवटी किंचित झुकवली. आयदे उठली.

त्यानंतर जे दिसले ते एल्विओला जितके कळले तितके त्या सभागृहात अन्य कोणाला कळले नसेल. ती त्याच्यासारखीच चालत होती. घोट्याला घोटा, लांब पाऊल, पाठ निश्चल. परंतु तिच्या चालण्यात एक गोष्ट होती जी त्याच्यात नव्हती. पाऊल मागे पोचे, पण भार लगेच पोचत नसे. त्या दोहोंमध्ये ती एक निमिष राखून ठेवी, आणि त्या निमिषात तोर्क्वातोंना थांबावे लागे. त्यांचा तो विख्यात विराम, ज्याची साऱ्या शहरात नक्कल झाली, तो त्यांनी घेतलेला नव्हताच. तो शनिवारच्या बायकांनी त्यांना दिलेला होता. शेडमधला एल्विओ पुरुषांना हवे ते हवे तेव्हा देत आला होता, कारण त्यासाठीच त्याला ठेवले होते. त्याचे मागे सरणे आज्ञेचे होते. आयदेचे संमतीचे होते. वर्गातील मुलींना आपण तीन महिने अर्धीच विद्या शिकवली, हे त्याला तेथे खुर्चीत बसल्या बसल्या उमगले. शेजारी बसलेल्या मला तो एवढेच म्हणाला, की हे मला कुणी दाखवलंच नाही; आणि लगेच स्वतःच म्हणाला, की मीच पाहिलं नाही.

तोर्क्वातो नाचले म्हणजे वाट मोकळी झाली. तिसऱ्या फेराला दुसऱ्या कोणी तिला नेले, चौथ्याला तिसऱ्याने. एल्विओ प्रत्येक फेराच्या आरंभी तिच्याकडे पाही. ती त्याच्या दिशेने पाहत नव्हती. रुष्ट होऊन नव्हे. जी सदतीस वर्षे एकाच बाजूला पाहत आली, ती आता सभागृह पाहत होती. आणि संकेत असा कठोर, की पतीलाही तो ओलांडता येत नाही: नजर मिळाल्याखेरीज उठायचे नाही. उंच मुलाने धीर करून मान झुकवली, तेव्हा ती हसली आणि त्याच्याबरोबरही गेली. फेर संपल्यावर तो मुलगा घामाघूम होऊन परतला आणि आपल्या मित्राला सांगू लागला, की मला प्रथमच कळलं त्या कुठल्या पायावर उभ्या आहेत, कारण त्या सांगेपर्यंत मला हलताच आलं नाही.

सहाव्या फेराच्या आधी संथ वाद्यवृंदाची तबकडी लागली. आयदेने पंखा मिटला आणि दृष्टी फिरवता फिरवता ती समोरच्या भिंतीवर आणली. एल्विओवर ती दृष्टी थांबली. त्याने मान झुकवली. ती लगेच झुकली नाही. तिने त्याला पाहिले, जसे ओळख नसलेल्या पुरुषाला पाहतात: कोट कसा, बूट कसे, उभा राहील का नीट. नंतर तिने होकार दिला.

तो फरशी ओलांडून गेला. आमच्याकडे गाणे लागल्यावर लगेच कोणी चालू लागत नाही; जोडपी क्षणभर उभी राहून दोन शब्द बोलतात. एल्विओने तिला तेव्हा काय सांगितले ते तिनेच पुढे हिमेनाला सांगितले. तो म्हणाला, की मला फक्त चालता येतं. तिने उत्तर दिले, “मग चाल. घाई करू नकोस, मला भरपूर वेळ आहे.”

तो चालला. पहिल्या गाण्यात त्याचा खांदा दोनदा आखडला आणि एकदा शेजारच्या जोडप्याला त्याची पाठ लागली. त्याने मान लववून क्षमा मागितली. दुसऱ्या गाण्यात त्याने वळण घेतलेच नाही. तिसऱ्यात, सुरावट खाली उतरत असता, तिचे पाऊल मागे पोचले आणि भार राहिला. आणि एल्विओने रेटले नाही, ओढले नाही, सुचवलेही नाही. तो थांबून राहिला. त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाट करून दिली होती; आता कोणी वाट देण्याची प्रतीक्षा करणे ही त्याला नवी विद्या होती. फरशीवरची इतर जोडपी त्यांना वळसा घालून पुढे गेली. मग आयदेने भार सोडला, आणि ते दोघे निघाले. भिंतीलगत हिमेना वर्गातील मुलींना त्यांची पावले दाखवू लागली.

चौथे गाणे संपले. रीत अशी, की फेर झाल्यावर पुरुषाने स्त्रीला तिच्या जागी पोचवायचे. एल्विओने आयदेला स्त्रियांच्या ओळीतील तिच्या खुर्चीपर्यंत नेले. ती बसली. तिने पंखा उघडला आणि म्हणाली, “आता जा. पुढचा फेर लागतोय.”

एल्विओने मान लववली, पाठ फिरवली, आणि मोकळ्या फरशीवरून पुरुषांच्या भिंतीकडे परत चालत गेला.